हवेची नाव आणि कांठावरची दोरी



दोन वर्षांमागें आमचें कुटुंब जव्हारकडे सहलीला गेलें होतें. मुलांसाठीं हवेनें फुगविण्याची एक नाव बरोबर घेतली होती. एका तळ्याच्या कांठीं ती पाण्यांत सोडली. पाणी अगदीं निवांत होतें. दोन मुलें तींत बसलीं आणि आम्ही डबे उघडावयास वळलों. मागें पाहतों तों नाव तीस-चाळीस हात दूर! कोणी ढकलली नव्हती. वाऱ्यानें नेली होती. माझ्या बहिणीनें मात्र घरून आणलेली कपडे वाळविण्याची लांब दोरी नावेच्या कडीला बांधून तिचें दुसरें टोंक झाडाला गुंडाळलें होतें. बांधतांना आम्ही तिला हंसलों होतों. तीच दोरी ओढून मुलें परत आणलीं, तेव्हां कोणी हंसलें नाहीं.

असा प्रसंग कोणावरहि येऊं शकतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे. लांकडी होडीचा कांहीं भाग पाण्याखालीं बुडालेला असतो. हवेची नाव जवळजवळ सगळीच पाण्यावर असते. त्यामुळें वाऱ्याला ती शिडासारखीच सांपडते. त्यांतून वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असला, म्हणजे कांठाजवळ पाणी शांत दिसतें आणि फसगत होते. अशा दिवशीं नाव घडी घालून ठेवावी हेंच उत्तम.

हवेवर तरंगण्याची कल्पना नवी नव्हे. प्राचीन असीरियन शिल्पांत फुगविलेल्या कातड्यांवरून नदी तरून जाणारे लोक कोरलेले आहेत. आपल्याकडे सुक्या भोपळ्यांची सांगड होती. सांगड बांधणारा एकाच भोपळ्यावर विसंबत नसे. एक फुटला तरी उरलेले तारतील, हा त्याचा हिशेब. नाव विकत घेतांना हाच हिशेब करावा. तिच्यांत हवेचे कप्पे निरनिराळे आहेत काय, प्रत्येकाला स्वतंत्र झडप आहे काय, किती माणसें व किती वजन घ्यावें हें तिच्यावर छापलें आहे काय, हें पाहावें. ‘हें जीवरक्षक साधन नव्हे’ असें छापलेलें असल्यास तें खेळणें समजावें आणि गुडघाभर पाण्यापलीकडे नेऊं नये.

निघण्याच्या आदल्या रात्रीं नाव घरीं फुगवून ठेवावी. सकाळीं सैल पडली असेल, तर सांध्यांवर व झडपांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले कीं छिद्र सांपडलें. आणखी एक गोष्ट. उन्हानें आंतील हवा प्रसरण पावते. कांठावर घट्ट फुगविलेली नाव उन्हांत राहिल्यास सांधा उसवतो. उलट गार पाण्यांत उतरल्यावर ती सैल पडते. म्हणून पाण्यांत सोडल्यावर ती पुन्हा चांचपून पाहावी.

परंतु नाव कितीहि चांगली असली तरी तिची हवा आणि माणसाची हवा वेगळी हवी. प्रत्येकाच्या अंगांत लाइफ जॅकेट असावें. नावेंत नुसतें ठेवलेलें उपयोगाचें नाहीं. १३ जानेवारी २०१८ रोजीं याच पालघर जिल्ह्यांत, डहाणूच्या समुद्रांत, विद्यार्थ्यांची नाव उलटली आणि तीन मुली दगावल्या. ती हवेची नाव नव्हती. पण मुलांच्या अंगांत जॅकेटें नव्हतीं असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. लहान मुलाचें जॅकेट बांधून खांद्यापाशीं वर उचलून पाहावें. तें कानांपर्यंत सरकलें तर मोठें आहे. पायांमधून जाणारा पट्टा असल्यास अधिक बरें. आणि पोहतां येणारें एक वडीलधारें माणूस मुलांच्या हाताशीं असावें, डब्यांपाशीं नव्हे.

जव्हार-मोखाड्याला जाणाऱ्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. पावसाळ्यांत वरच्या डोंगरांत सर कोसळली कीं खालीं ऊन असतांहि ओढ्याला पाणी चढतें. काळमांडवीच्या धबधब्यांत २ जुलै २०२० रोजीं पांच तरुण बुडाले. वाहत्या पाण्यांत घरगुती नाव मुळींच घालूं नये. मे २०२४ मध्यें प्रवरा नदींत बुडालेल्यांचा शोध घेतांना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचीच नाव उलटून तीन जवान गेले. शिकून तयार झालेल्यांची ही गत, तर आपण कोण? मध्य वैतरणेसारख्या धरणांचें पाणी मुंबईच्या पिण्याचें आहे. तेथें परवानगीवांचून उतरूं नये. इतरत्रहि पाण्याचा स्वभाव गांवकऱ्यांना आधीं विचारावा. त्यांनीं नको म्हटलें तर नको.

इतकें करूनहि नाव वाहूं लागलीच, तर आंतल्यांनीं पाण्यांत उडी टाकूं नये. नावेला धरून राहावें, हात हालवावे. कांठावरच्यांनीं पोहत पाठलाग करूं नये; वाऱ्याशीं शर्यत हरते. ११२ क्रमांकाला हांक द्यावी.

आमच्या घरीं ती दोरी आतां कपड्यांसाठीं वापरीत नाहींत. नावेच्या पिशवींतच ती गुंडाळून ठेविली आहे, आणि नाव फुगविण्याआधीं मुलेंच ती बाहेर काढतात.