मार खाऊनही न फुटलेला लघुग्रह : माथिल्ड

लोकलमध्ये असाल, एसटीत असाल किंवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असाल, आज जरा लांब जायचंय. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात. तिथल्या एका काळ्याकुट्ट दगडाची गोष्ट मला सांगायचीय. त्याचं नाव २५३ माथिल्ड.

१२ नोव्हेंबर १८८५ला व्हिएन्नामध्ये योहान पालिझा या खगोलशास्त्रज्ञाने तो शोधला. दुर्बिणीला डोळा लावून, नुसत्या नजरेने! त्यानंतर शंभरहून जास्त वर्षं माथिल्ड म्हणजे आपल्यासाठी फक्त एक ठिपका होता.

मग उजाडला २७ जून १९९७. नासाचं 'निअर' नावाचं यान निघालं होतं इरॉस या दुसऱ्याच लघुग्रहाकडे, पण वाटेत माथिल्ड लागत होता. यान त्याच्यापासून साधारण १,२०० किलोमीटरवरून गेलं. वेग किती? सेकंदाला जवळजवळ १० किलोमीटर. म्हणजे मुंबई-पुणे १५ सेकंदांत! सूर्यापासून इतक्या लांब सौर पॅनेलना वीज कमी मिळत होती, म्हणून बाकीची उपकरणं बंद ठेवून फक्त कॅमेरा चालू ठेवला. २५ मिनिटांत ५००हून जास्त फोटो काढले.

फोटोत काय दिसलं? माथिल्ड कार्बनयुक्त आहे. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला शंभरातला जेमतेम ४ भाग तो परत पाठवतो. एवढा काळा, म्हणून त्याच्यावरच्या खड्ड्यांना जगभरातल्या कोळसा खोऱ्यांची नावं दिली. एक दक्षिण आफ्रिकेतलं कारू, एक जपानमधलं इशिकारी आणि एक आपलं दामोदर. हो, झारखंड-बंगालमधलं दामोदर खोरं!

आता खरी गंमत ऐका. माथिल्डची सरासरी रुंदी आहे सुमारे ५३ किलोमीटर, आणि एकट्या कारू खड्ड्याची ३३. शिवाय असे मोठे खड्डे आणखीही आहेत. एवढा मार बसल्यावर दगडाचे तुकडे व्हायला हवे होते ना? मग तो टिकला कसा?

उत्तर मिळालं त्याच्या वजनातून. माथिल्डच्या गुरुत्वाकर्षणाने यानाला अगदी किंचित ओढलं, आणि यानाच्या रेडिओ संदेशातल्या बारीक फरकावरून वस्तुमान काढता आलं. घनता निघाली पाण्याच्या फक्त १.३ पट. अशा जातीच्या उल्का याच्या जवळपास दुप्पट जड असतात. म्हणजे माथिल्डच्या आत निम्मी जागा रिकामीच असणार!

कुरमुऱ्यांच्या पोत्यावर ठोसा मारून बघा. खळगा पडतो, पण पोतं फुटत नाही. मडक्यावर मारलात तर खापऱ्याच. माथिल्ड पोत्यासारखा आहे. धडक बसली की आतल्या पोकळ्या दबतात, जोर तिथेच जिरतो.

'याचं आम्हाला काय?' असं तुम्ही म्हणाल. २६ सप्टेंबर २०२२ला नासाने 'डार्ट' हे यान मुद्दाम डिमॉर्फस या लघुग्रहावर आदळवलं. त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. यात यानाच्या धडकेपेक्षाही जास्त मदत झाली ती उलट्या दिशेला उडालेल्या दगडधोंड्यांची. पण समोरचा लघुग्रह माथिल्डसारखा पोकळ असला तर? दगड कमी उडणार, धक्का कमी लागणार. उद्या एखादा लघुग्रह पृथ्वीकडे यायला लागला, तर त्याला ढकलण्याआधी तो आतून कसा आहे हे कळायलाच हवं. माथिल्ड स्वतः आपल्या वाटेला येत नाही, काळजी नको. पण हा धडा त्याने दिला.

जाता जाता एक गोष्ट. माथिल्ड स्वतःभोवती एक फेरी मारायला १७ दिवसांहून जास्त घेतो. २५ मिनिटांत तो जवळजवळ हललाच नाही. त्यामुळे साधारण ६० टक्केच पृष्ठभाग दिसला. उरलेली बाजू अंधारात राहिली.

ती बघायला कुणीतरी जायला हवं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी असेल तर मला फार आवडेल. भेटू पुढच्या भागात!