हरवलेल्या खरेदीखताचा शोध

घराचे मूळ खरेदीखत सापडत नसले, तरी नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या दप्तरी असते. आधी घर धुंडाळावे. घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेकडेच असण्याचा संभव मोठा.

दप्तरात शोध घ्यायला दस्त क्रमांक आणि वर्ष लागते. ते ठाऊक नसेल तर जुना फेरफार काढावा. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात आणि फेरफारात बहुधा खरेदीचा तपशील मिळतो. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका करते. वडील नव्हे, आजोबा खरेदीदार असू शकतात. म्हणून नाव शोधताना एक पिढी मागे जाणे फार उपयोगी पडते.

दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील सूची क्रमांक दोन मिळकतीनुसार लावलेली असते. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 प्रमाणे शुल्क भरून ती कोणालाही पाहता येते आणि खरेदीखताची प्रमाणित प्रतही मिळते. मूळ दस्त गहाळ झाल्याचे सिद्ध केल्यास न्यायालयात ही प्रत दुय्यम पुरावा म्हणून चालते. त्यासाठी पोलिसांकडे गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत जपून ठेवावी. विक्रीच्या वेळी वृत्तपत्रातील जाहीर नोटीसही बहुधा मागितली जाते.