ट्रंकेतली पत्रं रद्दीत घालू नका

दिवाळीची आवराआवर जवळ आली. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरेल. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेत गेलेला माणूस घरोघरी. त्याची निळी अंतर्देशीय पत्रं, पोस्टकार्डं, एखादी डायरी त्या ट्रंकेत असते. भंगारवाल्याची हाक आली की आधी तीच बाहेर पडतात. यंदा ती देण्याआधी आम्हा बचत गटाच्या बायकांचं थोडं ऐका.

पहिलं महायुद्ध १९१४ ते १९१८ चाललं. आपल्या आपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान त्यात कामी आले. त्या युद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं इंग्रज सरकार उघडून वाचायचं आणि त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवायचं. ते उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण शिपायानं आपल्या भाषेत लिहिलेले मूळ कागद बहुतेक गेले. सरकारला जेवढं टिपून ठेवावंसं वाटलं, तेवढंच उरलं. त्यातही घरच्या बाईचा आवाज फार थोडा.

आपल्या ट्रंकेत मात्र अजून मूळ कागद आहेत. पेरणी झाली का, म्हैस व्याली का, पोराला शाळेत घातलं का, हे विचारणारा जवान त्यात आहे. त्याच्यामागे घर कुणी चालवलं, त्याचा पुरावाही त्यातच आहे.

आता जपायचं कसं? पत्राला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. टाचणी, पिन गंजते, ती हलक्या हातानं काढा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची ओल धरते, म्हणून स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. ट्रंक भिंतीपासून दूर, विटांवर ठेवा, म्हणजे वाळवी लवकर चढत नाही. तिकिटं कापू नका, पाकीट टाकू नका. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटाचेही.

आणखी एक. पत्रावर पत्ता नुसता ‘५६ ए.पी.ओ.’ असतो. माणूस लडाखला होता की राजस्थानात, ते त्यावरून कळत नाही. ते घरातल्या म्हातारीला ठाऊक असतं. तिला आजच विचारा आणि वेगळ्या कागदावर लिहून पत्रासोबत ठेवा. ती गेली की सांगणारं कुणी नाही.

पेन्शनचा आदेश आणि डिस्चार्ज बुक यांची फाइल वेगळी करा. वीरपत्नीला, विधवेला त्यांची गरज कधीही पडते. मूळ प्रत कुणालाही देऊ नका. त्यावरचे नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नावात, जन्मतारखेत फरक दिसला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

पत्रं कायमची सुरक्षित राहावीत असं वाटलं, तर दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार खाजगी कागद दान म्हणून घेतं. राज्याच्या पुराभिलेख विभागाची कार्यालयं मुंबई, पुणे, कोल्हापूरला आहेत, तिथेही चौकशी करता येईल. देण्याआधी सगळ्याची प्रत घरी ठेवा. कोणते कागद दिले, ते कुणाला दाखवायचे, कधीपासून दाखवायचे, हे लेखी घ्या.

आणि जिच्या नावे पत्र आलं, ती हयात असेल तर तिला आधी विचारा. नवऱ्यानं तिला लिहिलेलं सगळ्या गावानं वाचावंच असं नाही. काही पत्रं बांधूनच ठेवायची, असं ती म्हणाली तर तसंच ठेवा. ठेवणं आणि दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या मासिक बैठकीला गटातल्या प्रत्येकीनं एवढंच सांगावं: आमच्या घरी असे कागद आहेत, अथवा नाहीत. पत्रं आणू नका, नुसती नोंद करू. कुणाला फोटो काढायला, लिहून घ्यायला मदत लागली तर गटातल्या शिकलेल्या मुली येतील.

रद्दीचे किलोला मिळून किती पैसे येणार, बायांनो? ट्रंक उतरवाल तेव्हा आधी उघडून बघा.