थेंब पाजले, मग सुई कशाला?



२०११ च्या जानेवारीत हावडा जिल्ह्यातील एक बालिका आपल्या देशातील नैसर्गिक पोलिओची अखेरची रुग्ण ठरली. हे यश तोंडावाटे दिलेल्या थेंबांचे. मग आता सुई कशाला, हा मातांचा प्रश्न रास्तच आहे.

थेंबांत दुर्बल केलेले, परंतु जिवंत विषाणू असतात. लाखो मात्रांमागे एखाद्या बालकाला त्यांच्यामुळेच पांगळेपण येते. हे लपविण्यात अर्थ नाही. सुईतील विषाणू मृत असल्याने तिच्यामुळे पोलिओ होऊच शकत नाही. शिवाय एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसऱ्या प्रकारचा विषाणू वगळण्यात आला. त्या प्रकारापासून रक्षण आता सुईच करते. तरीही थेंब सोडू नयेत. विषाणूला आतड्यातच रोखण्याचे काम सुईला तितकेसे साधत नाही.

सरकारी केंद्रांत ही लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि २०२३ पासून नवव्या महिन्यातही विनामूल्य टोचतात. औषध जेमतेम ०.१ मिलिलिटर, तेही त्वचेत. एवढेसे पाहून फसवणूक झाली असे कृपया समजू नका. त्वचेत तेवढी मात्रा पुरते. दंड थोडा लाल होईल, दुखेल. आधीच्या मात्रेने तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर मात्र टोचण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगा.