दोघांत एक लॅपटॉप

निवृत्तीनंतर घरात लॅपटॉप घ्यायचं ठरलं, की निवड करायला भाचा नाहीतर नातू पुढे होतो. पोरगा हुशार असतो, पण मनातल्या मनात तो स्वतःसाठीच खरेदी करत असतो. काका-काकूंची कामं निराळी. बँकेचं खातं बघायचं, विजेचं बिल भरायचं, रेल्वेचं तिकीट काढायचं, यूट्यूबवर कीर्तन लावायचं आणि रविवारी परदेशातल्या लेकीशी समोरासमोर बोलायचं. एवढ्यासाठी इंटेलचा कोअर आय-३ किंवा एएमडीचा रायझन ३, अलीकडच्या काही वर्षांतला, पुरून उरतो. प्रोसेसरवर याहून जास्त डोकं खर्च करू नका.

पैसे खर्च करायचे ते स्क्रीनवर. साडेपंधरा इंचाच्या आसपासची, फुल एचडी आणि चकचकीत नसलेली स्क्रीन घ्या; चकचकीत काचेत खिडकी आणि ट्यूबलाइटच जास्त दिसते. दुकानात लॅपटॉप सुरू करायला सांगा आणि दोघं शेजारी शेजारी उभे राहून बघा. स्वस्तातल्या काही स्क्रीन समोरून छान दिसतात, पण बाजूला सरकलं की रंग उडाल्यासारखे होतात. म्हणजे व्हिडिओ कॉलवर काकांना नातवंड नीट दिसणार आणि काकूंना धुरकट. आयपीएस नावाच्या पॅनेलमध्ये ही अडचण येत नाही. दुकानदाराला हा शब्द जरूर विचारा. अक्षरं बारीक वाटली तर घाबरू नका, सेटिंगमध्ये जाऊन ती सव्वापट, दीडपट मोठी करता येतात.

आता स्वस्ताईतला सापळा. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असलेले लॅपटॉप जाहिरातीत फार मोहक किमतीला दिसतात. विंडोज ११ साठी खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलेली किमान गरज नेमकी एवढीच आहे. किमान म्हणजे काठावर पास! पुढच्या अपडेट्सना जागा उरत नाही, आणि चार पानं एकदम उघडली की यंत्र धापा टाकतं. ८ जीबी रॅम आणि साठवणीसाठी २५६ जीबीची एसएसडी, याच्या खाली उतरू नका. ५१२ मिळाली तर उत्तम. रॅम पुढे वाढवता येते का, हेही विचारा; काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर कायमची चिकटवलेली असते. किमतीचा आकडा मात्र मी सांगत नाही. रेडिओवर सांगितलेला भाव आपण दुकानात पोहोचेपर्यंत बदललेला असतो.

पुष्कळ घरांत प्रश्न नव्या लॅपटॉपचा नसतोच. अमेरिकेतून आलेला मुलगा जाताना म्हणतो, ‘बाबा, माझा जुना ठेवून जातो, तुम्हाला चालेल.’ चालेल, पण आधी दोन गोष्टी बघायच्या. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. आणि विंडोज ११ साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्याच प्रोसेसरवर रीतसर चढतं. पिढी ओळखायची खूण सोपी आहे. आय-५ नंतर ७२०० लिहिलं असेल तर सातवी, ८२५० असेल तर आठवी. सातवी निघाली तर त्यावर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकून कीर्तनं खुशाल ऐका. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या जुन्या विंडोजवर बँकेचे व्यवहार मात्र करू नका. आठवी किंवा पुढची निघाली आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी बसवा. थोडक्या खर्चात त्याच यंत्राचा वेग इतका बदलतो, की नवा घ्यायचा बेत बहुधा रद्द होतो.

हयातीच्या दाखल्यासाठी लॅपटॉप लागतो, असं काहींना वाटतं. नाही लागत. ‘जीवन प्रमाण’ची सोय २०१४ पासून आहे, आणि आता चेहरा दाखवून हे काम फोनवरच होतं. लॅपटॉपवर बोटाचा ठसा घेणारं बटण असलं तरी ते या कामाचं नाही. त्याला आधारकडे नोंदलेलं वेगळं यंत्र लागतं. तेव्हा तेवढ्यासाठी जादा पैसे मोजू नका.

मराठी लिहायला वेगळा कीबोर्डही नको. विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. इंग्रजी अक्षरांत उच्चार टंकायचा, समोर देवनागरी उमटते. गूगल डॉक्समध्ये मराठीत नुसतं बोललं तरी लिहिलं जातं. आठवणी लिहायच्या म्हणून वर्षानुवर्षं वही शोधणाऱ्यांना आता सबब उरली नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन पैसे कमी पडतील हे खरं, पण आपण राहता, समजा, चिपळूणला. बिघडलं तर घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी आहे का, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे बिल करण्याआधी विचारा. अँटिव्हायरसची वेगळी विक्री नम्रपणे नाकारा. विंडोजमध्ये डिफेंडर असतो, आणि तो घरगुती वापराला पुरतो.

एक दिवस स्क्रीनवर भलंमोठं लाल पान उघडेल: ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा.’ फोन करायचा नाही. पॉवरचं बटण दाबून धरायचं आणि यंत्र बंद करायचं. कोणी सांगितलं म्हणून आपल्या लॅपटॉपचा ताबा दुसऱ्याला देणारं ॲप घालायचं नाही. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० वर तक्रार करायची. लाजून दोन दिवस गप्प बसलं, की पैसे हातचे गेलेच समजा.

शेवटी, लॅपटॉप दोघांचा आहे. विंडोजमध्ये दोघांची वेगवेगळी खाती उघडा. काकूंची अक्षरं मोठी, काकांची त्यांच्या हट्टाप्रमाणे बारीक. बिलं भरणं, तिकीट काढणं ही कामं एकट्याच्याच हातात राहिली, की एक जण दवाखान्यात असताना दुसऱ्याला साधं विजेचं बिलही भरता येत नाही. म्हणून आळीपाळीने करा. टचपॅडवर बोट घसरत असेल तर साधा माऊस घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. आणि पहिला आठवडाभर तो काकूंच्या हातात असू द्या. काकांना शेजारच्या खुर्चीवरून सूचना करायची मुभा आहे, काकूंवर त्या पाळायची सक्ती नाही.