कुकी ज्या संकेतस्थळाची, तिथेच राहावी



बीड जिल्ह्यात पीकविमा, महाडीबीटी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती अशी कितीतरी कामं आपण चालवतो त्या सेवा केंद्रातल्या एकाच संगणकावर होतात. ब्राउझर आपला असतो, काम गावाचं. म्हणून त्याच्या सेटिंगमधली निवड आपल्या आवडीनिवडीपुरती राहत नाही; समोर बसलेल्या प्रत्येकाच्या वतीनं आपण ती करत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की संकेतस्थळांच्या कुकी, म्हणजे त्यांनी ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी, एकमेकींपासून अलग ठेवण्याची सोय ब्राउझरमध्ये मुळातच चालू असली पाहिजे. निवडीचा पर्याय ठेवायचाच असेल तर तो ती बंद करण्याचा असावा.

कुकी ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी ती आणली, ती आलेला माणूस संकेतस्थळाच्या लक्षात राहावा म्हणून; आपलं लॉगिन आजही तिच्याच आधारानं टिकतं. गडबड पुढे झाली. किडनीच्या उपचारांची माहिती देणाऱ्या पानावर आणि बातम्यांच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा कोड असतो. पहिल्या पानावर तिनं ठेवलेली कुकी दुसऱ्या पानावर तिला परत मिळते, आणि हा तोच ब्राउझर आहे हे तिला कळतं. केंद्रात तर एकाच्या आजाराची जाहिरात त्याच्यानंतर बसलेल्याला दिसू शकते. कुकी अलग ठेवल्या, की एका दुकानाची उधारी दुसऱ्या दुकानाच्या वहीत जात नाही. कंपनी तीच असली तरी प्रत्येक संकेतस्थळावर तिची कुकी वेगळी राहते.

ही सोय खासगीपणासाठी बनवलेल्या टॉर ब्राउझरमध्ये आधीपासून होती. २०१७ मध्ये ती फायरफॉक्समध्ये आली, पण जाणकारांनाच सापडेल अशा आडबाजूला. तशीच सोय सर्वांसाठी आपोआप चालू व्हायला जून २०२२ उजाडलं. सफारीनं मार्च २०२० मध्येच बाहेरच्यांच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या, कुकी पूर्ण रोखल्या. क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये बाहेरच्यांच्या कुकी दोन वर्षांत काढून टाकू असं जाहीर केलं, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेत सोडला. आपल्यातल्या बहुतेकांच्या संगणकावर क्रोमच आहे! ज्याला या सोयीची सर्वाधिक गरज, त्याला ती आहे हेच ठाऊक नसतं; तो सेटिंग उघडणार कधी?

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, कामं अडतील. कधीकधी अडतात, दुसऱ्या संकेतस्थळाच्या खात्यानं लॉगिन करताना विशेषतः. पण तेवढ्यापुरती परवानगी देण्याची व्यवस्था ब्राउझरांनी केली आहे, आणि एका पानाच्या अडचणीसाठी सगळी दारं उघडी टाकण्याचं कारण नाही. दुसरा आक्षेप जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत मजकुराचा, आणि तो गंभीर आहे. तरीही वर्तमानपत्रं वाचकाचा माग न काढता पिढ्यान्‌पिढ्या जाहिराती छापत आली. कापसाच्या बातमीशेजारी बियाण्याची जाहिरात द्यायला वाचकाचा आजार माहीत असावा लागत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात सांगितलं. केंद्राच्या पायरीवर तो हक्क संपत नाही.

मात्र या सोयीवर सगळा भार टाकू नका. आधीच्या माणसाचं उघडं राहिलेलं लॉगिन ती बंद करत नाही. त्यासाठी प्रत्येकाचं काम ब्राउझरच्या अतिथी (गेस्ट) मोडमध्ये करायचं आणि तो उठला की ती खिडकी बंद करायची. हे मात्र आजपासूनच आपल्या हातात आहे.