नाव नसलेल्या लेकरांची आठवण

(मुकुंदवाडीतील बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज बायकांच्या आरोग्यावर बोलायला सांगितलं होतं. रक्तवाढीच्या गोळ्या, हिरव्या पालेभाज्या, हे तुम्ही अंगणवाडीत दहा वेळा ऐकलंय. तेच परत सांगितलं तर पदराआड जांभया सुरू होणार. म्हणून मी ही पिशवी आणली आहे. यात क्रोशाचं विणकाम आहे. हातोहात पुढे द्या, सगळ्यांनी बघा. तळहातात मावेल एवढं आहे. गोल डोकं, खाली घेरदार झगा, पाठीला दोन पंख. ख्रिस्ती लोकांत देवदूत म्हणतात तो हा. नाताळात झाडाला टांगतात.

मला तो छावणीत राहणाऱ्या एका निवृत्त सिस्टरांकडे दिसला. त्या दर नाताळात पांढऱ्या दोऱ्याचे देवदूत विणतात आणि ओळखीच्यांना वाटतात. पण एक फिकट पिवळा त्यांच्या कपाटात बाजूला ठेवलेला होता. मी विचारलं, "हा कुणाला द्यायचाय?" त्या म्हणाल्या, "हा माझाच आहे. माझ्या मुलीचा. ती जन्मली तेव्हाच गेलेली होती." बत्तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केलेली बाई, पण स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोलायला तिला विणलेली एक बाहुली लागली.

त्या दिवशी घरी येताना मला माझ्या आईची पत्र्याची पेटी आठवली. पेटीच्या तळाशी एक मलमलीचं झबलं होतं. आम्ही भावंडं लहानपणी समजायचो की ते आमच्यापैकी कुणाचं तरी असेल. मी समाजकार्याच्या एम.ए.ला असताना बालमृत्यूंवर काहीतरी लिहीत बसले होते, तेव्हा आईने भाजी निवडता निवडता सांगितलं, "तुझ्या आधी एक होता." बस, एवढंच. त्याला नाव नव्हतं. पाचवीच्या आतच गेला, सटवाईला कपाळावर लिहायलाही वेळ मिळाला नाही, असं आजी म्हणाली होती म्हणे. आजोबा त्याला कपड्यात गुंडाळून घेऊन गेले. कुठे पुरलं ते आईला कुणी सांगितलं नाही, आणि तिने विचारायचं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, हे असंच असतं. हो, असंच असतं, आणि ते आजचं नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लिहून ठेवलंय की दोन वर्षांच्या आत गेलेल्या मुलाला अग्नी द्यायचा नाही, त्याच्यासाठी पाणी सोडायचं नाही. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं, पण ही रीत आपल्या घराघरांत राहिलीच. मोठं माणूस गेलं की दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध होतं. तिथेही पिंडाला हात मुलाचा लागतो आणि बाई स्वयंपाकघरात वडे तळत असते. पण निदान तिला रडायची मुभा असते. पोटातच गेलेल्या लेकरासाठी तर तेवढीही नाही. "रडू नको, दूध आटत नाही मग." "रडू नको, पुढच्या वेळी होईल." पुढच्या वेळी! अजून टाके ओले असतात आणि घरात पुढच्या वेळेची बोलणी सुरू झालेली असतात.

आणि दूध. हे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. मूल गेलं हे शरीराला कळत नाही. बाळंत झाल्यावर दोन-चार दिवसांत दूध येतंच. छाती दगडासारखी होते, कापड भिजतं, आणि पाजायला कुणी नसतं. आपल्याच वस्तीतल्या एका बाईने मला सांगितलं, "ताई, लेकरू गेलं तवा मी रडले नाही. तिसऱ्या दिवशी दूध आलं तवा रडले." तिला दवाखान्यातून घरी पाठवताना याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तिची खाट कुठे होती माहीत आहे? ओल्या बाळंतिणींच्या रांगेत. दोन्ही बाजूंना लेकरं.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही आठजणी रविवारी दुपारी बसतो. सिस्टर शिकवायला येतात. त्या आठजणींना विचारूनच मी आज बोलते आहे, नावं मात्र सांगणार नाही.

विणायला अवघड नाही. तुमच्यातल्या पुष्कळजणींनी टीव्हीवरचे रुमाल आणि दाराची तोरणं विणली आहेत, त्यांना तर एका दुपारचं काम. चार साखळ्या घालून गोल जोडायचा. त्यात सहा मुके खांब. पुढच्या फेरीत प्रत्येकात दोन, म्हणजे बारा. दोन फेऱ्या बाराच्याच साध्या घ्यायच्या की वाटी होते. त्यात कापूस भरायचा, मग दोन-दोन टाके एकत्र घेत परत सहावर यायचं. ती मान. तिथून खाली उंच खांब घेत झगा वाढवत न्यायचा, बारा, मग चोवीस, आणि कडेला शिंपले. पंख वेगळे विणून मागे टाचायचे. शेवटी तांदळाच्या पातळ खळीत बुडवून, झग्यात वाटी घालून वाळवायचं, म्हणजे तो उभा राहतो. खळ दाट झाली तर पांढरे डाग पडतात. माझ्या पहिल्याला पडलेत, बघा.

पहिल्याच रविवारी वाद झाला. एक आक्का म्हणाल्या, "हे पंखवालं आपल्यात नसतं. आपण कशाला करायचं?" सिस्टर गप्प बसल्या. दुसरी म्हणाली, "मग पंख नको लावू." तिने पंखांच्या जागी डोक्यावरून पाठीवर सोडलेली कुंची विणली. आपल्या बाळांना थंडीवाऱ्यात घालतात ती कुंची. बघितलं तर आकार जवळजवळ तोच! मग चौघींनी कुंचीच केली. एकीने पंख ठेवले. एकीने पंख विणून झाल्यावर उसवले, म्हणाली, "नको, उडून जाईल." आमच्या गटात बौद्ध बायका आहेत, त्यांच्यातल्या एकीने किसा गोतमीची गोष्ट काढली. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती, तेव्हा भगवान बुद्धांनी तिला ज्या घरात कुणी मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितलं. ही गोष्ट आपण नेहमी ऐकतो ती "मरण कुणाला चुकलं नाही" असं सांगायला. पण ती बाई म्हणाली, "मला वाटतं, तिला घरोघरी जाऊन बायकांशी बोलायला पाठवलं." मला हा अर्थ कधी सुचला नव्हता. जपानमध्ये बौद्धच लोक जिझो नावाच्या दगडी मूर्तींना लाल टोपडी आणि लाळेरी घालतात, जन्माआधी गेलेल्या मुलांच्या आठवणीसाठी. म्हणजे टोपडं विणणारी आई तिकडेही आहे.

आता माझ्यावरच्या टीकेबद्दल. आमच्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने मला सरळ सुनावलं. म्हणाली, "बायकांच्या विकासाच्या नावाखाली शिवणकाम-भरतकामाचे वर्ग काढायचे, याविरुद्ध आम्ही इतकी वर्षं बोललो. आणि तू एम.ए. होऊन क्रोशा शिकवतेस?" तिचं बोलणं मला लागलं, कारण ते पोकळ नाही. आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. हजारो बायका घरात बसून जगाच्या बाजारासाठी विणत होत्या, मजुरी कवडीमोल, आणि त्यांना कामगार म्हणायला कुणी तयार नव्हतं. "फावल्या वेळात करतात" म्हणे! म्हणून आम्ही ठरवलं आहे की हे विकायचं नाही. एकाने शंभर नगाची ऑर्डर देऊ केली होती. आम्ही नाही म्हटलं. बचत गटातल्या दोघी माझ्यावर अजून नाराज आहेत, आणि पैशाची गरज त्यांना आहे, मला नाही, हेही मला कळतं.

पण मैत्रिणीच्या टीकेला माझं खरं उत्तर वेगळं आहे. हात चालू असले की तोंड उघडतं. आरोग्य तपासणीच्या अर्जावर "यापूर्वीची बाळंतपणं किती" असं विचारलं की या बायका जिवंत मुलं तेवढी मोजून सांगायच्या. दोन. तीन. तिसऱ्या-चौथ्या रविवारी, सुई चालू असताना, तेच आकडे बदलले. आठजणींत मिळून अकरा लेकरं आमच्या कागदावर आली, जी याआधी कुठल्याच कागदावर नव्हती. आणि मग प्रश्न आले. का गेलं? कळा किती तास होत्या? डॉक्टर कधी आले? गाडी किती वाजता मिळाली? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२० साली अंदाज दिला होता की २०१९ या एका वर्षात जगात सुमारे २० लाख मुलं मृत जन्मली. दर सोळा सेकंदांना एक. त्यात भारतातली सुमारे ३ लाख ४० हजार, कुठल्याही देशापेक्षा जास्त. आणि शंभरातली चाळीसहून जास्त मुलं कळा सुरू झाल्यानंतर गेलेली, म्हणजे आई दवाखान्याच्या वाटेवर किंवा खाटेवर असताना. वेळेवर चांगली सोय मिळाली असती तर त्यांतली पुष्कळ वाचली असती. याला "देवाची मर्जी" म्हणायचं का? देवदूत विणायचा तो हा प्रश्न झाकायला नाही.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत जन्माचीही नोंद जन्म म्हणूनच करायची आहे. गर्भ २८ आठवड्यांचा, म्हणजे आपल्या हिशोबाने सात महिन्यांचा झालेला असेल तर. दवाखान्यात झालं तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झालं तर कुटुंबप्रमुखाची, आणि मुदत २१ दिवसांची. गंमत बघा, गंमत कसली, त्याच कायद्यात मृत्यूची व्याख्या जिवंत जन्मलेल्यापुरतीच आहे. म्हणजे सरकारच्या लेखी हे लेकरू जन्मलं, पण मेलं नाही. आईला मात्र दोन्ही एकाच दिवशी सोसावं लागतं.

चिकलठाण्याच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायकांनी आणखी एक लक्षात ठेवा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने "मूल" या शब्दातच मृत जन्मलेलं मूल धरलं होतं, म्हणून बाळंतपणाची रजा त्या आईलाही होती. गर्भ पडला तर पगारी सहा आठवडे. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतला आहे, आणि या तरतुदी तिथेही आहेत. आमच्यातली एक बाई ठेकेदाराकडे कामाला होती, दहाव्या दिवशी परत उभी राहिली. "मूल नाही तर रजा कशाची," असं तिला सांगितलं होतं. तिने ऐकून घेतलं, कारण तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

एक गोष्ट बोलावी की नाही, असा मी खूप विचार केला. एका रविवारी एक बाई उशिरा आली, कोपऱ्यात बसली आणि हळूच म्हणाली, "पाडलेल्याचं करता येतं का?" दोन मुलींवर तिसरी आहे असं कळल्यावर सासरच्यांनी तिला नेलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं. गर्भलिंग तपासणीवर आपल्या महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी कायदा केला, त्यासाठी आपल्या आधीच्या बायका झगडल्या. तरी २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. या आकड्यांवर मी पुष्कळ भाषणं केली आहेत. त्या दिवशी मला एक वाक्य सुचेना.

इथे मला स्पष्ट बोलायला हवं. गर्भपात हा बाईचा हक्क आहे. ज्या बाईने स्वतःच्या निर्णयाने, स्वतःच्या अडचणीसाठी तो केला, तिला अपराधी वाटावं म्हणून असे देवदूत वापरणारे लोक परदेशात आहेत. आम्हाला ते करायचं नाही. कुणी तिच्यापुढे देवदूत नाचवला तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. पण ही बाई वेगळं सांगत होती. तिच्याकडून जबरदस्तीने घेतलं गेलं होतं, आणि त्याची आठवण ठेवायचा हक्क ती मागत होती. मी काही म्हणायच्या आत सिस्टरांनी तिच्या हातात सुई दिली. तिने लाल रंग मागितला. लाल नव्हता, म्हणून शेजारच्या बाईने आपल्या चादरीच्या काठासाठी आणलेला गुंडा काढून दिला. तो लाल देवदूत आज पिशवीत नाही. तो तिने घरी नेला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला आहे. सासूला अजून दिसलेला नाही.

माझ्या आईला मी एक विणून नेऊन दिला. तिने उलटसुलट करून बघितला, "खळ जास्त झाली" म्हणाली, आणि पेटी उघडून झबल्यावर ठेवला. नंतर रात्री निजताना तिने मला नाव सांगितलं. ठेवणार होती ते. बाबांनाही तिने कधी सांगितलं नव्हतं.

आता ज्यांना घरी जायचंय त्यांनी जावं, नळाला पाणी यायची वेळ झाली आहे. ज्या थांबतील त्यांच्यासाठी दोरा आहे, पांढरा, पिवळा, आणि या वेळी लालही आणलाय. सुया दहाच आहेत, दोघींत एक घ्यावी लागेल. नोंदणीच्या नमुन्याच्या प्रतीही त्या पिशवीतच खाली आहेत.